रुग्णाच्या खाटेपाशी हातातले यंत्र

वैद्यकाचा विद्यार्थी व्याख्यानगृह सोडून रुग्णालयाच्या वॉर्डात पहिले पाऊल टाकतो, तेव्हा पांढऱ्या कोटाचा खिसा हेच त्याचे चालते ग्रंथालय होते. एके काळी त्या खिशात औषधांच्या मात्रांची छोटी पुस्तिका असे. १९९६ साली अमेरिकेत ‘पायलट’ नावाचे तळहाताएवढे संगणकयंत्र विक्रीस आले आणि १९९९ साली ‘इपॉक्रटिस’ हा औषधकोश अशा यंत्रावर वाचता येऊ लागला. पुढे ते काम मोबाइल फोनानेच पत्करले.

मग यंत्र निवडावे कोणते? टॅबलेटचा पडदा मोठा. त्यावर आकृत्या आणि तक्ते स्पष्ट दिसतात. परंतु तो हातात धरला की एक हात अडकतो, आणि रुग्णाचे पोट तपासण्यास दोन्ही हात लागतात. म्हणून फेरीच्या वेळी खिशात मावेल तेच यंत्र बरे. मोठे यंत्र अभ्यासिकेत शोभते. त्याची बॅटरी रात्रपाळी संपेपर्यंत टिकावी. जाड भिंतींच्या आड इंटरनेट मिळेलच असे नाही. तेव्हा औषधकोश यंत्रातच साठवलेला असावा. जंतुनाशकाने पुसता येईल असे त्याचे आवरण हवे, नाहीतर एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचावयाचे. आणि त्याला कुलूपशब्द हवाच. रुग्णाचे दुखणे ही त्याची खाजगी ठेव आहे.

एवढे पाहूनही एक गोष्ट उरते. तापाने फणफणलेल्या बालकाला पॅरासिटामॉल द्यावयाचे आहे. दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणाने १२ किलोच्या बालकास एका वेळी १८० मिलिग्रॅम, हे यंत्र क्षणात सांगते. पण ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते ७.२ मिलिलिटर भरते आणि २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ३.६. हिशेब पहिल्या बाटलीचा आणि औषध दुसरीतले, असे झाले तर मात्रा दुप्पट होते! यंत्राचा गुणाकार मात्र बिनचूकच असतो.

बालकाचे वजन काट्यावर करणे आणि बाटलीवरचे अक्षर वाचणे, ही कामे डोळ्यांनीच करावी लागतात. ज्या यंत्रामुळे विद्यार्थ्याची नजर पडद्यावरून लवकर उठून रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळते, तेच त्याच्या खिशात असावे.