करवीरची पेठ आणि तिचा परिसर

कोल्हापुरास येणारा प्रवासी बहुधा सकाळी अंबाबाईचे दर्शन घेतो, दुपारी पन्हाळा गाठतो आणि सायंकाळी रंकाळ्याचा वारा खाऊन परतीच्या गाडीत बसतो. परंतु हे नगर जसे क्षेत्र आहे, तशीच ती एक नांदती बाजारपेठही आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. ते यावयाचे असेल तर त्याने आरंभ शहराच्या दक्षिणेस, गारगोटीच्या रस्त्यावरील कळंब्यापासून करावा.

कळंब्याचा तलाव संस्थानी काळातील. कात्यायनीच्या टेकड्यांकडून उतरणारे पावसाचे पाणी येथे अडविले आणि ते उताराने शहरात नेले. शहरात ते जेथे साठविले जाई, त्या जागेस लोक 'पाण्याचा खजिना' म्हणतात. असे नाव ठेवणाऱ्यांस पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही!

पाणी तेथे ऊस, आणि ऊस तेथे गुऱ्हाळ. दिवाळीच्या सुमारास करवीर तालुक्यात गुऱ्हाळे सुरू होतात. उसाची वाळलेली चिपाडे जाळून रुंद काहिलीत रस उकळतात, रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून ती काढून टाकतात. मग पाक केव्हा उतरवावयाचा, हे एकटा गुळव्या ठरवितो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. त्याच्यापाशी घड्याळ नसते आणि त्याची चूक झाली तर सारे आधण फुकट जाते. साखर कारखान्यांकडे ऊस जाऊ लागल्यापासून अशी गुऱ्हाळे घटत चालली आहेत. म्हणून ज्यास हे पाहावयाचे आहे त्याने फार काळ थांबू नये.

हाच गूळ पेठेत येई. स्कॉटलंडात एके काळी बाजार भरविण्याचा हक्क राजाकडून मिळे आणि त्याची खूण म्हणून चौकात दगडी स्तंभ उभारीत. येथे स्तंभ नाही; परंतु १८९१ साली मिरजेहून आगगाडी आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली, तिचेही मूळ राजेच्छेतच आहे. आज गुळाचे सौदे बाजार समितीच्या आवारात होतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही लाभले.

पेठ पाहून झाल्यावर खासबाग मैदान पाहावे. तेथे १९१२ पासून कुस्त्या होत आल्या आहेत. शेजारचे, १९१५ साली उभारलेले आणि पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत होरपळले. त्या वार्तेने अनेक वृद्ध रसिकांचे डोळे ओलावले.

पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटर. १६६० च्या वेढ्याची कथा सर्वांस ठाऊक असते, म्हणून पावले बुरुजांकडेच वळतात. परंतु अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे सावकाश पाहावीत. वेढा सोसावयाचा तर तलवारीइतकेच धान्यही लागते. मराठ्यांच्या लष्करी स्थळांबरोबर हा गड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. याच बाजूस वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे. चैत्रातल्या यात्रेत गुलालाने तो डोंगर लाल होतो.

सवड असल्यास नोव्हेंबरची ९, १० व ११ ही तारीख साधावी. त्या दिवसांत, आकाश निरभ्र असेल तर, मावळत्या सूर्याचे किरण अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरून मूर्तीकडे सरकतात. तेव्हा गुऱ्हाळेही पेटलेली असतात. सकाळी कळंब्याच्या बाजूस जाऊन ताजी काकवी चाखावी आणि दिवस कलण्यापूर्वी महाद्वारी हजर व्हावे. गर्दी मात्र फार असते.