उड्या मारणारी मोजपट्टी

पिसाचा झुकता मनोरा तुम्ही चित्रात नक्की पाहिला असेल. त्याला हाताने टेकू दिल्याचा आव आणून फोटो काढणारे पर्यटकही पाहिले असतील. इटलीतल्या या मनोऱ्याचं बांधकाम ११७३ मध्ये सुरू झालं. खालची माती भुसभुशीत आणि पाया जेमतेम तीन मीटर. मग काय, तीनेक मजले चढेपर्यंतच स्वारी एका बाजूला कलायला लागली.

हाच मनोरा समजा आतून मोजायचा आहे, तर? त्याच्या जाड भिंतीच्या पोटातून एक अरुंद जिना गोल गोल वर जातो. जवळजवळ तीनशे पायऱ्या, सगळ्या संगमरवरी आणि शेकडो वर्षं माणसांच्या पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या. टेप घेऊन गेलात तर ती लावणार कुठे? सरळ कोपरा औषधालाही नाही. भिंती कललेल्या आणि जमीनसुद्धा तिरकी!

त्यासाठी ट्रायपॉडवर ठेवायचे लेसर स्कॅनर असतात, आणि ते मापाला एकदम पक्के. पण गोल जिन्यात त्यांची पंचाईत होते. एका जागेवरून दिसणार चार-सहा पायऱ्या, पुढे वळण. की उचला ट्रायपॉड, सरका वर, पुन्हा मांडा.

२०१३ मध्ये बातमी आली, की हा मनोरा आतून पूर्ण वीस मिनिटांत मोजून झाला. हो, वीसच मिनिटांत! सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेतला एक जण हातात एक यंत्र घेऊन जिना चढला आणि उतरला. यंत्राचं नाव झेबेडी. मूठभर आकाराचं डोकं, खाली मूठ आणि मधे चक्क एक स्प्रिंग. चाललं की डोकं डुगडुगतं. ब्रिटनमध्ये मुलांच्या एका जुन्या टीव्ही कार्यक्रमात झेबेडी नावाचं पात्र होतं. त्याला पायांऐवजी स्प्रिंग होती आणि ते टुणटुण उड्या मारत यायचं. शास्त्रज्ञांनी तेच नाव उचललं.

आता तुम्ही म्हणाल, मोजताना हात हलला तर माप चुकतं, असं तर आम्हाला शाळेत शिकवतात. मग हे यंत्र मुद्दाम हलतं ठेवायचं कशाला?

त्यासाठी आधी लेसरचं काम बघू. यंत्रातून अवरक्त प्रकाशाचा बारीक झोत निघतो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि यंत्र जाण्यायेण्याचा वेळ मोजतं. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. भिंत तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर झाले. वेळ लागला एका सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यांतले फक्त वीस! आणि एका सेंटीमीटरचा फरक ओळखायचा, तर सेकंदाचा पंधराशे कोटीवा भाग ओळखता यायला हवा. आपण ‘एक’ म्हणायला तोंड उघडतो, तोवर प्रकाशाच्या भिंतीपर्यंत लाखो फेऱ्या होऊन जातात.

झेबेडीच्या डोक्यातला हा किरण गोल फिरत असतो, सेकंदाला चाळीस वेळा. एका फेरीत आजूबाजूच्या भिंतींवर एक पातळ रेघ मोजून होते. पण यंत्र स्थिर धरलं तर चाळीसही वेळा तीच रेघ! खोलीचं बाकी सगळं तसंच राहणार. म्हणजे ती रेघ वर-खाली, तिरकी फिरवायला हवी. दुसऱ्या कुणी तिथे मोटर बसवली असती. यांनी स्प्रिंग बसवली. चालणाऱ्या माणसाच्या हाताला नुसते हिसके बसतात, त्यावरच डोकं डोलतं आणि रेघ भिंतीभर, छतभर, पायऱ्यांभर फिरते. फुकटात. मला तर ही युक्ती लेसरपेक्षाही आवडते.

ही झाली सोपी अर्धी गोष्ट. अवघड अर्धी पुढेच आहे. यंत्राला भिंत किती दूर आहे ते कळलं, पण कुठून? यंत्र स्वतः तर चालतंय, डोलतंय, वळतंय. ते नेमकं कुठे आहे हेच माहीत नसेल तर ‘भिंत तीन मीटरवर’ या माहितीचं लोणचं घालायचं का? बाहेर जीपीएस असतं, पण जाड भिंतींच्या आत उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत.

घरी एक प्रयोग करा. आंधळी कोशिंबीर खेळताना बांधतो तसे डोळे बांधा आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं मोजत जा. (कुणाला तरी सोबत ठेवा, नाहीतर हंडा सांडाल आणि नाव माझं सांगाल.) पहिली चार-पाच पावलं बरोबर पडतात. मग अंदाज थोडा हुकतो, आणि पुढच्या प्रत्येक पावलाबरोबर चूक वाढत जाते. तेवढ्यात हाताला दाराची चौकट लागते. ‘अरेच्चा, मी इथे आहे होय!’ मनातला हिशेब लगेच दुरुस्त.

यंत्र अगदी असंच करतं. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते ज्यांच्यामुळे होतं त्यांचेच हे भाऊबंद. ते सांगतात, ‘आत्ता आपण डावीकडे वळलो, इतके पुढे गेलो.’ हे पावलं मोजणं झालं. त्यात चूक साठत जाते. मग लेसर चौकट चाचपतो. आत्ता दिसलेले कोपरे, पायऱ्या, खिडक्या क्षणभरापूर्वी दिसलेल्यांशी जुळवतो आणि अंदाज सुधारतो. नकाशा बनवायचा आणि त्याच अर्धवट नकाशात स्वतःला शोधायचं, दोन्ही एकदमच. या रीतीला ‘स्लॅम’ म्हणतात आणि यंत्रमानवांनाही ती लागते.

तरीही थोडी चूक उरतेच. म्हणून स्कॅन करणारे जिथून निघाले तिथेच परत येऊन थांबतात. सुरुवातीचा कोपरा पुन्हा दिसला की कॉम्प्युटर म्हणतो, ‘हा तर तोच! मग माझ्या नकाशात तो वीतभर बाजूला कसा?’ आणि ती वीतभर चूक सबंध वाटेवर थोडी थोडी वाटून टाकतो.

दारातून जातानाही ही मंडळी धाडकन आत घुसत नाहीत. उंबऱ्यावर सावकाश होतात, म्हणजे यंत्राला थोडा वेळ दोन्ही खोल्या एकदम दिसतात आणि एकीला दुसरी नीट जोडली जाते. सगळ्यांत वाईट जागा कुठली माहीत आहे? लांबलचक, गुळगुळीत, रिकामा कॉरिडॉर. सगळीकडे सारखंच दिसतं, त्यामुळे यंत्राला वाटतं आपण जागचे हललोच नाही. अशा ठिकाणी लोक मधेमधे खोकी, खुर्च्या ठेवतात, ओळखीच्या खुणा म्हणून.

शेवटी हाती येतो तो ठिपक्यांचा ढग. झेबेडी सेकंदाला साधारण चाळीस हजार ठिपके मोजायचं. वीस मिनिटांचे किती? वही काढा. (उत्तर: चार कोटी ऐंशी लाख. त्यांतले काही खिडकीतून आकाशात निघून जातात, ते परत येत नाहीत.) पिसाच्या ढगात पायऱ्यांचे आणि दगडकामाचे बारीक तपशीलही आले.

झेबेडीने ऑस्ट्रेलियातल्या जेनोलनच्या गुहाही मोजल्या. तिथे मिट्ट काळोख, पण हे यंत्र स्वतःचा प्रकाश बरोबर घेऊन हिंडणारं. पुढे अशी हातातली यंत्रं विकायला आली. नंतरच्या काहींमधून स्प्रिंग गेली आणि शेवटी मोटर आलीच. डोकं आता शहाण्यासारखं एका चालीत फिरतं. काम छान होतं, पण गंमत गेली. काही महागड्या फोनमध्येही आता छोटा लेसर स्कॅनर असतो.

एक खरं सांगायला हवं. हातातल्या स्कॅनरची चूक सेंटीमीटरच्या घरात असते, ट्रायपॉडवाल्याची मिलिमीटरच्या. पॅरिसचं नोत्र-दाम चर्च २०१० मध्ये अँड्र्यू टॅलन या कलेच्या इतिहासकाराने ट्रायपॉड पन्नासहून जास्त जागी मांडून मोजून ठेवलं होतं. २०१९ मध्ये तिथे आग लागली आणि छत जळून गेलं, तेव्हा या मापांचं मोल कळलं. भिंतीतल्या बारीक तड्याची रुंदी हवी असेल तर चालता चालता मोजणारा गडी कामाचा नाही. पण घरातल्या खोल्या, जिने, माळे झटपट हवे असतील तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

मात्र एका वस्तूपुढे दोघंही भोळे ठरतात. आरसा! किरण आरशावरून उडून समोरच्या भिंतीवर जातो आणि त्याच वाटेने परत येतो. यंत्राला वाटतं तो सरळच गेला होता. नकाशात आरशामागे एक अख्खी खोली उगवते, पलंग-खुर्चीसकट सगळं उलटं. म्हणून न्हाव्याचं दुकान मोजायचं झालं, तर आधी चादरी गोळा कराव्या लागतील.