चित्रफितीचा आकार आणि बिटरेट

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून पाठाचे चित्रण करून ते पालकांच्या फोनवर पाठविणे पुष्कळ शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु पाठ पाठविला म्हणजे तो मुलापर्यंत पोहोचलाच, असे समजता येत नाही. 1080 ओळींचे चित्रण अनेक फोनांत सेकंदास सुमारे 17 मेगाबिट या दराने होते. त्या हिशोबाने दहा मिनिटांच्या पाठाची फाईल सव्वा गिगाबाइटहून मोठी होते. ज्या घरी एकच फोन आणि दिवसाकाठी दीड गिगाबाइट डेटा, तेथे हा एकच पाठ उतरवून घेतल्यावर दिवसभरासाठी फारसे काही उरत नाही. असा पाठ न पाहिलेलाच राहतो आणि शिक्षकास त्याचा पत्ताही लागत नाही. यास्तव फाईल कशाने वाढते व कशाने कमी होते, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

यावर सामान्यतः जो उपाय योजला जातो, तो चित्राची लांबीरुंदी कमी करण्याचा. 1080 ओळींचे चित्र 480 ओळींवर आणावे आणि पाहावे, तो फाईल होती तेवढीच! हा संगणकाचा दोष नव्हे. फाईलचा आकार ओळींवरून ठरत नसून बिटरेटवरून ठरतो. दर सेकंदाच्या चित्रणासाठी जितके बिट खर्ची पडतात, तो बिटरेट. नळाची धार आणि ती किती वेळ सोडली, एवढे कळले म्हणजे हौदात पाणी किती साठले हे सांगता येते. हौदाशेजारी बादली ठेवली की घागर, याचा तेथे संबंध नसतो. तद्वतच बिटरेट गुणिले सेकंद म्हणजे फाईल. चित्र लहान केले, पण बिटरेट पूर्वीचाच ठेवला, तर फाईलही पूर्वीइतकीच राहणार.

येथे एक घोटाळा वरचेवर होतो. बिटरेट बिटांत मोजतात, तर फाईल बाइटांत. आणि एका बाइटात 8 बिट असतात. हा आठाचा भागाकार विसरला की सगळे गणित आठपटीने चुकते.

आता आपल्यास दहा मिनिटांचा पाठ 50 मेगाबाइटांत बसवावयाचा आहे असे समजा. 50 मेगाबाइट म्हणजे 400 मेगाबिट, अर्थात 4,00,000 किलोबिट. त्यास 600 सेकंदांनी भागिले असता सेकंदास 666 किलोबिट येतात. त्यांतून आवाजासाठी 64 वजा करावेत. एका माणसाच्या बोलण्यास तेवढे पुरतात. फाईलच्या वेष्टनासाठीही थोडे सोडून चित्रास 590 द्यावेत. हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनात सरासरी बिटरेटच्या रकान्यात हा आकडा घालावा व दोन फेऱ्यांचा पर्याय निवडावा. पहिल्या फेरीत साधन पाठ नुसता तपासते आणि दुसरीत कोठे किती बिट द्यावयाचे ते वाटून देते. चित्र लहान करण्यास अर्थ आहे तो येथे. 590 किलोबिटांत 1080 ओळी कोंबल्या तर चित्र चौकोनी ठिपक्यांनी फुटू लागते. 480 ओळींना तेच बिट बऱ्यापैकी पुरतात. म्हणजे ओळी कमी केल्याने फाईल लहान होत नाही, लहान फाईलमधील चित्र सुसह्य होते.

दुसरी रीत स्थिर गुणवत्तेची. एच 264 पद्धतीत या साधनांत 0 ते 51 अशी मोजपट्टी असते. आकडा वाढला की गुणवत्ता उतरते. 22 किंवा 23 पासून आरंभ करून आकडा 6 ने वाढविला असता फाईल अदमासे निम्मी होते. मात्र या रीतीत अंतिम आकार आधी सांगता येत नाही. आकार ठरवावा किंवा गुणवत्ता ठरवावी. दोन्ही एकदम हाती येत नाहीत.

एकाच आकड्यावर एक पाठ लहान व दुसरा अवाढव्य का होतो, याचे कारण बहुधा चित्रणातच सापडते. साधन प्रत्येक चौकट नव्याने लिहून ठेवीत नाही. मागील चौकटीहून जे बदलले तेवढेच मुख्यत्वे टिपते. स्थिर फळ्यासमोर स्थिर ठेवलेला फोन असला तर बदल फार थोडा असतो. हातात धरलेला फोन हलला की सारे चित्रच बदलते. चिंचेखाली पाठ घेतला तर वाऱ्याने हलणारे प्रत्येक पान आपला वाटा मागते. अंधाऱ्या वर्गातील चित्रात जे बारीक कण वळवळताना दिसतात, त्यांनाही साधन बदलच समजते आणि बिट वाया जातात. फोन बाकावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला, आणि खिडकीचा उजेड फळ्यावर पडेल पण चमक येणार नाही असे पाहिले, तर पुढील निम्मे काम तेथेच होते. शिवाय हा उपाय बिनखर्ची आहे.

एकदा बारीक केलेली फाईल पुन्हा मोठ्या बिटरेटवर चढवू नये. आकार तेवढा वाढतो, गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून फोनमधील मूळ चित्रण जपून ठेवावे व दर वेळी त्यावरूनच नवी प्रत काढावी. 2013 साली प्रमाणित झालेली एच 265 पद्धत त्याच गुणवत्तेस बरेच कमी बिट घेते खरी, पण काही जुने फोन तिची फाईल चालवीत नाहीत. तूर्त एच 264 ची एमपी 4 फाईल बरी. तयार झालेली प्रत गावात वापरात असलेल्या एखाद्या जुन्या फोनवर लावून पाहावी, आणि फळ्यावरील सर्वांत बारीक अक्षर त्यावर वाचता आले तरच ती पाठवावी.