बोटांना कळते ते

शाळेत आम्ही मुलांकडून ज्ञानेंद्रिये पाठ करून घेतो : डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. त्वचेचा नंबर नेहमी शेवटी! पण कणीक मळणाऱ्या कुठल्याही अम्मीला विचारा. कणीक सैल झाली की घट्ट, हे तिला डोळे नव्हे, बोटे सांगतात. दिवे गेले तरी आपण सदऱ्याचे बटण लावतो, तेही बोटांच्याच भरवशावर.

हात गमावलेल्या माणसाची खरी अडचण इथेच असते. आजचे विजेवर चालणारे कृत्रिम हात उरलेल्या स्नायूंचे इशारे ओळखून मूठ मिटतात, उघडतात. मात्र पेला नीट पकडला की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. नजर हटली की पेला निसटतो, नाहीतर चेपतो.

डेन्मार्कच्या डेनिस सोरेनसन यांचा डावा हात फटाक्यांच्या अपघातात गेला. सुमारे नऊ वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्या दंडातील मज्जातंतूंमध्ये चार अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड बसवण्यात आले. प्रयोग सिल्वेस्त्रो मिचेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कृत्रिम बोटे ओढणाऱ्या दोऱ्यांवर किती ताण पडतो ते यंत्र मोजी, संगणक त्याची विजेची हलकी स्पंदने करी आणि ती मज्जातंतूत सोडी. संदेश दंडातून निघाला तरी मेंदू तो गेलेल्या बोटांचाच समजतो. डोळ्यांवर पट्टी आणि कान बंद असतानाही वस्तू मऊ की कडक, गोल की चौकोनी, हे सोरेनसन ओळखू लागले. इतकी वर्षे मुकी राहिलेली वाट शाबूत होती, याचेच आम्हाला राहून राहून नवल वाटते.

महिन्याभरात मात्र सुरक्षिततेच्या नियमानुसार इलेक्ट्रोड काढावे लागले. सोरेनसन पुन्हा आपल्या जुन्या, काहीच न जाणवणाऱ्या हाताकडे वळले.

वीज सोडली की स्पर्श झाला, इतके हे सोपे नाही. एकसारखी वीज दिली तर मुंग्या आल्यासारखे वाटते. खऱ्या बोटाचे तसे नसते. वस्तूला टेकताच ते मेंदूकडे संदेशांचा भडिमार करते, मग हळूहळू निवते. अमेरिकेतील युटा विद्यापीठात ग्रेगरी क्लार्क यांच्या गटाने हीच लय यंत्राला शिकवली आणि २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विजेच्या अपघातात हात गमावलेल्या एका गृहस्थांनी त्या हाताने अंडे न फोडता उचलले, द्राक्ष न चिरडता तोडले. पत्नीचा हात हातात घेतला, तोही जाणवला. नसलेल्या हातात उठणारी कळदेखील कमी झाली. ही कळ बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना पटतही नाही.

प्रयोगात दंडातून निघालेल्या तारा संगणकाला जोडाव्या लागत. हे सगळे सुटसुटीत करून माणसाला तो हात घरी वापरता यावा, यासाठी संशोधकांची खटपट सुरू आहे.