उन्हाच्या गावात मुलांनी खेळायचे कुठे?

उन्हाळा लागला की वऱ्हाडातल्या घराघरांत एकच तंटा सुरू होतो. शाळेला सुट्टी असते, मुलांना खेळायला जायचे असते आणि आई म्हणते, "बाहेर पाऊल टाकू नको, ऊन लागेल." दोघांचेही खरे आहे. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. परंतु टिनाच्या छपराखाली दिवसभर कोंडून ठेवलेले मूल तरी कुठे गारव्यात असते? तेव्हा मुलांनी खेळावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. कोणते मैदान निवडावे आणि तेथे कोणत्या वेळी जावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार आई-वडिलांनी केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपल्यापेक्षा कडक ऊन सोसणारी शहरे जगात आहेत. वाळवंटातल्या दुबईत श्रीमंतांचा गोल्फ चालतो. अठरा होलच्या एका गोल्फ मैदानाला शंभर-दीडशे एकर जागा लागते. पूर्वी तिकडे वाळूवरच गोल्फ खेळत. खेळाडू हिरव्या चटईचा तुकडा सोबत बाळगत आणि त्यावर चेंडू ठेवून मारत. १९८८ साली तेथे एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाला. आखातातले ते पहिले संपूर्ण हिरवळीचे गोल्फ मैदान. खारे पाणी गोडे करून किंवा सांडपाणी शुद्ध करून तिकडची हिरवळ जगवावी लागते. एवढा पैसा ओतूनही उन्हाळ्यात तेथील लोक पहाटे खेळतात, नाहीतर रात्री दिव्यांखाली. म्हणजे पैशाने गवत उगवले, पण दुपारचे ऊन काही हटले नाही. आपल्याजवळ तो पैसाही नाही आणि ते पाणीही नाही. म्हणून आपल्याला मैदान अधिक डोळसपणे निवडावे लागेल.

आधी जमीन पाहा

आपली जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि धावताना त्यांत पाय अडकून मुरगळतो. पावसाळ्यात तीच जमीन चिखल होऊन पाय धरून ठेवते. म्हणून मुरूम टाकून दाबलेले, खडे वेचलेले मैदान चांगले. सिमेंटच्या अंगणावर पडले की गुडघे फुटतात. अलीकडे दोन्ही शहरांत तासावर भाडे घेणारी हिरव्या कृत्रिम गवताची मैदाने निघाली आहेत. दिसायला ती छान. परंतु हे गवत प्लास्टिकचे असते आणि दुपारी हवेपेक्षाही जास्त तापते. तेथे जायचेच असेल तर दिवस मावळल्यावर जावे.

मग सावली आणि पाणी

मैदानाच्या कडेला कडुनिंबाची दोन झाडे असली तरी पुष्कळ झाले. दर पंधरा-वीस मिनिटांनी मुलांना सावलीत बसवावे आणि पाणी पाजावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीकाठचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे बोअरचे पाणी खारे लागते आणि मूल ते पोटभर पीत नाही. म्हणून मैदानावर नळ आहे एवढे पाहून भागत नाही, त्या पाण्याची चवही पाहावी. घरून बाटली भरून देणे सर्वांत बरे.

वेळ आणि अंतर

सकाळी आठच्या आत खेळ आटोपावा आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, साडेपाच-सहानंतर पुन्हा सुरू करावा. दुपारी बारा ते चार मैदानाचे नाव काढू नये. पहिल्याच दिवशी दोन तास पळवू नये. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात; तोवर वेळ हळूहळू वाढवावा. मैदान घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे. रोज ऑटोचे पैसे लागले की चौथ्या दिवशी खेळ बंद पडतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मैदानावर स्वच्छ संडास आहे काय आणि परतीच्या वाटेवर दिवे आहेत काय? या दोन गोष्टी नसल्या की मुलगी वयात येताच तिचा खेळ सुटतो. "आता मोठी झालीस" म्हणून तिला घरी बसवण्यापेक्षा चार घरच्या मुली मिळून जातील आणि एक आई सोबत जाईल, अशी पाळी लावावी.

दार कोणासाठी उघडे आहे?

मैदान चांगले असले तरी तेथे आपल्या लेकराला मानाने वागवतात काय, हेही पाहिले पाहिजे. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात ते आधी मैदानाच्या देखभालीचे काम करत. पुढे संघात आले, तरी खेळाच्या मधल्या वेळेत त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ गडी बाद केले. मैदानात सोबत आणि चहाला वेगळे, हा तो काळ. आज कोणी तसे उघड करणार नाही. पण कोणाला नुसते चेंडू आणायला पळवतात, कोणाला शेवटी उभे करतात, हे बारीक नजरेने पाहता येते. पहिले चार दिवस पालकांनी स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहावे.

आपल्याकडे काय आहे?

अमरावतीकरांना दूर जायला नको. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तेथे उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे आपले खेळ परदेशी लोकांना करून दाखवले. उन्हाळी शिबिरांची तेथे जुनी परंपरा आहे. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण आहे आणि मुष्टियुद्धात या शहराने नाव मिळवले आहे. भारतीय संघाकडून खेळलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा अमरावतीचाच. फी किती, सवलत आहे काय, शिबिर कधी, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. हे सरकारी कार्यालय आहे. तेथे विचारायला संकोच कशाला?

चौकशी करताना शिकवणारा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांना मुले नेतो काय, हे जरूर विचारावे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्यासाठी मान्य स्पर्धेचेच प्रमाणपत्र लागते. गल्लीतल्या चषकाचे चालत नाही. मात्र नोकरीच्या आशेने मुलाच्या मागे लागू नये. अंग बळकट झाले आणि चार मुलांत मिसळता आले, तरी खेळाचे सार्थक झाले.

ज्यांना यांतले काही जवळ नाही, त्यांनी वस्तीतली मोकळी जागा पाहावी. गोल्फला शंभर एकर लागतात, पण पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात, व्हॉलीबॉलला १८ बाय ९. विहाराजवळची मोकळी जागा साफ करून, दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून तरुणांनी आठवड्यात मैदान उभे करता येते. शाळेला क्रीडांगण असले पाहिजे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. सुट्टीत ते सकाळ-संध्याकाळ उघडावे म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज करावा. शहराच्या आराखड्यात आपल्या भागात क्रीडांगणासाठी राखीव जागा आहे काय, हे महापालिकेत विचारावे. त्या जागेवर टपऱ्या उभ्या राहिल्यावर बोलून उपयोग नसतो.

ऊन लागल्यास

विहिरीत किंवा पाणी साचलेल्या खदानीत मुलांना पोहायला कधीही एकटे पाठवू नये. खेळताना मूल चक्कर आली म्हणाले, डोके दुखते म्हणाले की खेळ तिथेच थांबवावा. त्याला सावलीत बसवून एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. अंग तव्यासारखे तापले आणि मूल असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पालकांनो, येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मुलांचा हात धरून घराजवळची दोन-तीन मैदाने पायी पाहून या. जमीन, सावली, पाणी, वाट आणि शिकवणारा माणूस, या पाच गोष्टी पाहा आणि त्यांतले एक मैदान ठरवा. सर्वांत हिरवे मैदान सर्वांत चांगले असतेच असे नाही. जेथे तुमचे लेकरू रोज जाऊ शकेल आणि सुखरूप घरी येईल, तेच त्याच्यासाठी चांगले मैदान.