काळाच्या यंत्रातून वगळलेला कामगार

काळात मागेपुढे जाण्याची गोष्ट पुण्याच्या वाचकाला नवी नाही. 'आयुका'चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. पण यंत्रात बसावे, दांडा ओढावा आणि हवे ते साल गाठावे, ही कल्पना जगभर पोहोचवली ती एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. त्याची 'द टाइम मशीन' ही छोटी कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर हॉलिवूडने १९६० आणि २००२ साली दोन मोठे चित्रपट काढले. मुले असे चित्रपट आवडीने पाहतात. आईवडिलांनीही सोबत बसून पाहावेत. कारण पुस्तकातली मुख्य गोष्टच या चित्रपटांतून गळाली आहे, आणि ती आपल्या फार जवळची आहे.

वेल्सचा जन्म १८६६ चा. वडिलांचे छोटेसे दुकान नीट चालत नव्हते. आई अपपार्क नावाच्या एका जमीनदाराच्या वाड्यात कारभारीण म्हणून कामाला होती. त्या वाड्यातून स्वयंपाकघराकडे आणि तबेल्याकडे जायला जमिनीखालून भुयारे होती. नोकरमाणसांची ये-जा त्यांतून होई. पोरवयातच वेल्सला कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनला विज्ञान शिकला. घरची ही परिस्थिती ध्यानात ठेवली म्हणजे कादंबरीचा अर्थ चटकन उलगडतो.

कादंबरीचा नायक ८,०२,७०१ या सालात जातो. तिथे जमिनीवर इलॉय नावाची नाजूक, देखणी माणसे राहतात. ती काही काम करीत नाहीत. फळे खातात, खेळतात, झोपतात. जमिनीखाली मॉर्लॉक राहतात. यंत्रे तेच चालवतात, वरच्यांची वस्त्रेही तेच पुरवतात. अंधारी रात्र झाली की ते वर येतात आणि इलॉयांनाच धरून खातात. हे कसे घडले असेल, याचा नायक विचार करतो. त्याच्या मते मालकवर्गाने ऊन, वारा आणि बागा स्वतःकडे ठेवल्या आणि कष्टकऱ्याला पिढ्यान् पिढ्या खाली ढकलले. शेवटी एका माणसाच्या दोन जाती झाल्या.

१९६० चा चित्रपट जॉर्ज पाल यांनी काढला. त्याच्या दृश्यकरामतीला ऑस्कर मिळाले. समोरच्या दुकानातल्या पुतळीची वस्त्रे झरझर बदलतात आणि वर्षे पळताना दिसतात, तो प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. पण इथे माणसांची फाळणी होते ती महायुद्धामुळे. काहीजण भुयारात राहिले, काही वर आले, एवढेच कारण. मालक नाही आणि मजूरही नाही. मॉर्लॉक उरतो तो केवळ एक राक्षस, जाळून टाकण्याच्या लायकीचा.

२००२ चा चित्रपट वेल्सचा पणतू सायमन वेल्स याने दिग्दर्शित केला. त्यात चंद्र फुटतो आणि जगलेली माणसे वर-खाली वाटली जातात. मात्र त्यात मॉर्लॉकांचा प्रमुख सांगतो की आम्ही आमच्यातच वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जाती निपजविल्या. इंग्रजी संवादातला शब्दही 'कास्ट' हाच आहे!

हा शब्द ऐकून आपल्या वाचकाला बाबासाहेबांचा १९३६ चा 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ आठवल्यावाचून राहणार नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, तर श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. जे दाखवायला वेल्सला आठ लाख वर्षे पुढे जावे लागले, ते आपल्या वाडवडिलांनी गावाच्या वेशीवरच पाहिले होते.

वेल्सचेही एक चुकले, असे आम्हांस वाटते. कष्टकऱ्याला खाली कोणी ढकलले ते त्याने सांगितले, पण त्याच कष्टकऱ्याला नरभक्षक करून टाकले. इलॉयांतल्या वीनाशी नायकाची मैत्री होते. मॉर्लॉकाला मात्र कोणी एक शब्द विचारीत नाही. २००२ च्या चित्रपटात एक मॉर्लॉक बोलतो, तर तो त्यांचा सत्ताधीश. यंत्रापाशी राबणारा मुकाच राहतो.

जमिनीखाली उतरणारा माणूस पाहायला आपल्याला काळाचे यंत्र नको. मैला हाताने साफ करायला लावण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मरण पावलेल्याच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण मरणे थांबली नव्हती. पुण्याजवळ वाघोलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये एका सोसायटीची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. वर घरे होती, दिवे होते, सणाचे दिवस होते.

१९६० च्या चित्रपटाचा शेवट मात्र सुरेख आहे. इलॉयांकडची पुस्तके हात लावताच माती होऊन गळतात, हे पाहून नायक संतापलेला असतो. अखेरीस तो पुन्हा त्या काळात निघून जातो. मागे राहिलेल्या मित्राला कपाटात तीन पुस्तकांची जागा रिकामी दिसते. तुम्ही असता तर कोणती तीन नेली असती, असे तो घरच्या कारभारणीला विचारतो.

चित्रपट संपला की मुलांना हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळाले की दुसराही विचारा: ती पुस्तके तू वरच्या इलॉयांना दिली असतीस, की जिना उतरून खाली घेऊन गेला असतास?