दर्यावरचा परवाना: रायगड किनारा आणि अरबी आखात

दहीहंडीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट २०२२ रोजी, श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे निघाली. रायगडापासून मुंबईपर्यंत नाकाबंदी झाली. पुढे खुलासा आला तो असा, की नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनमध्ये इंजिन बंद पडल्यावर तिच्यावरील माणसांची सुटका झाली आणि रिकामी नौका वाहत इथवर आली.

घातपात नव्हता. तरीही पोटात गोळा आला, कारण हा तालुका एकदा पोळलेला आहे.

फेब्रुवारी १९९३ मध्ये याच तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरवले गेले आणि १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसे गेली. खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. त्याच वर्षी ‘ऑपरेशन स्वान’खाली महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त सुरू झाली. २६/११ नंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली आणि बोटींची नोंदणी कडक झाली. प्रत्येक घावानंतर धोरणाचा एक थर चढला.

समुद्रात जाणाऱ्याने कागद दाखवावा, ही अपेक्षा मात्र इथे जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसलेले जहाज पकडत. त्यांचे ठाणे चौलला, सिद्दी जंजिऱ्यात, इंग्रज मुंबईत. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. पुढे मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे स्वतःचे परवाने, ‘दस्तक’, देऊ लागले. या पाण्यावर हुकूम कोणाचा, हा त्यामागचा खरा वाद होता. इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले; पण १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊनही त्यांना कान्होजींचा कुलाबा किल्ला जिंकता आला नाही.

आंग्र्यांचे आरमार बुडाले ते १७५६ मध्ये, विजयदुर्गावर. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते.

चाचेगिरीचा नेमका हाच शिक्का मुंबईकर इंग्रजांनी आखातातल्या कासिमी अरबांवर मारला. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या आरमाराने त्यांचे रास अल-खैमा जिंकले. जानेवारी १८२० च्या तहाने त्यात सामील अरबांच्या प्रत्येक जहाजावर ठरावीक निशाण आणि शेखाच्या सहीचा कागद सक्तीचा झाला. मालक कोण, नाखवा कोण, माणसे किती, हत्यारे किती, निघाले कुठून आणि जाणार कुठे, हे सगळे त्यात लिहायचे. सही शेखाची असली तरी नियम इंग्रजांचा होता.

या तहापासून आखातावर पडलेली इंग्रजांची छत्रछाया दीडशे वर्षे टिकली. इंग्रज निघता निघता, ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, इराणने अबू मूसा आणि दोन्ही तुंब बेटांवर सैन्य उतरवले. दोनच दिवसांनी संयुक्त अरब अमिरातीचा जन्म झाला. बेटांवरचा दावा अमिरातीने आजही सोडलेला नाही. कुवेतने १९९० मध्ये इराकी आक्रमण भोगले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेशी संरक्षण करार केला. अबुधाबीत २००९ पासून फ्रेंच तळ आहे. छोटे राज्य, मोठे शेजारी आणि संरक्षक अचानक उठून गेल्याची आठवण, यांतून बाहेरच्या बलाढ्य मित्राला धरून राहण्याचे हे धोरण घडले.

कोकणचा वारसा वेगळ्या वाटेने गेला. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आंग्र्यांचे नाव आहे आणि २०१९ मध्ये ताफ्यात आलेल्या पाणबुडीला खांदेरीचे. परवाना देणारे सरकारही आता आपलेच आहे. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा मोठी आहे. शेखाडीला कागदांची वाण नव्हती. कागद तपासणारेच फितले होते. कोणती बोट अनोळखी आणि कोणत्या खाडीत भरतीला काय शिरू शकते, हे थळ, भरडखोल, दिघीच्या कोळ्यांना ठाऊक असते. सागर सुरक्षा दलात त्यांना स्वयंसेवक म्हणून जागा आहे. गस्तीचे मार्ग आणि वेळा ठरवतानाही त्यांना सोबत बसवायला हवे.